उंबरठे झिजवणारे जगज्जेते

इ.स.पू. २१३ची गोष्ट. हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता आणि रोमन सैन्याचा एक तळ सुएसुला गावाजवळ पडला होता. त्या वर्षी कॉन्सल होता क्विंटस फाबियस मॅक्सिमस. हॅनिबलला झुलवत ठेवून रोम वाचवणारा तो प्रसिद्ध फाबियस नव्हे, त्याचा मुलगा, नाव तेच. बाप मुलाच्या हाताखालचा अधिकारी म्हणून तळावर आला. मुलगा सामोरा गेला, पुढे बारा दंडधारी, एकामागे एक. कॉन्सलसमोर घोड्यावर बसून यायचं नाही हा नियम. पण त्या म्हाताऱ्याला ‘उतर’ म्हणायची छाती कुणाची? घोडा मुकाट उभ्या असलेल्या अकरा दंडधाऱ्यांना ओलांडून पुढे आला. तेव्हा मुलाने बाराव्याला फर्मावलं, तुझं काम कर. तो ओरडला, बाप खाली उतरला आणि खूश होऊन म्हणाला की आपण कॉन्सल आहोत याची तुला जाणीव आहे की नाही, एवढंच बघायचं होतं.

इतिहासकार लिव्हीने ही कथा शिस्तीचा नमुना म्हणून सांगितली आहे. मला तिची न सांगितलेली बाजू खुणावते. कॉन्सल हे रोमन गणराज्यातलं सर्वोच्च पद. हजारोंचं सैन्य त्याच्या शब्दावर हलायचं. पण रोमन कायद्यात बाप हयात असेपर्यंत मुलगा बापाच्या सत्तेखाली. वय चाळीस असो, पद कुठलंही असो. त्याच्या नावावर घर नाही, गुरं नाहीत, रोकड नाही. कमावलेलं सगळं बापाचं. बापाने खर्चाला काही रक्कम हाती दिली तर ती वापरायची, पण मालकी बापाचीच. गुलामाला दिलेल्या रकमेचाही नियम हुबेहूब हाच होता. नातवंड जन्माला आलं तर ते ठेवायचं की टाकून द्यायचं, हेही घरातला सर्वांत वडीलधारा पुरुष ठरवणार. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस आपल्या पाठ्यपुस्तकात नोंदवतो की पोटच्या पोरांवर इतकी सत्ता असलेली माणसं रोमनांखेरीज जवळपास कुठेच नाहीत. त्या वाक्यात संकोचाचा मागमूस नाही.

यातून सुटायची वाट होती, पण तीही बापाच्याच हातातली. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या बारा पाट्यांच्या कायद्यात एक कलम होतं: बापाने मुलाला तीनदा विकलं तर मुलगा बापापासून मोकळा. मूळ हेतू बहुधा लोभी बापाला आवर घालण्याचा. पुढे वकिलांनी त्यातून युक्ती काढली. मुलाला स्वतंत्र करायचं ठरलं की बाप एखाद्या मित्राला तो खोटा-खोटा विकायचा, मित्र सोडून द्यायचा, पुन्हा विक्री, पुन्हा सुटका, पुन्हा विक्री. रोमन पुरुषाला बापाच्या जिवंतपणी स्वतःचा मालक व्हायचं असेल तर आधी तीन वेळा विकला जाण्याचं नाटक करणं भाग होतं.

ज्यांना ही सूट मिळाली नाही ते सावकार गाठायचे. बाप मेल्यावर फेडीन, या बोलीवर कर्ज. बाप लवकर मरेना की पंचाईत. मासेडो नावाच्या एका कर्जबाजारी मुलाने बापालाच संपवलं, असं सांगतात, आणि सम्राट व्हेस्पासियनच्या काळात सिनेटने ठराव केला की बापाच्या सत्तेखालच्या मुलाला दिलेल्या पैशासाठी सावकाराला दाद मागता येणार नाही. ठराव त्या मुलाच्याच नावाने ओळखला जातो. खुनाची बातमी ऐकून सिनेटला सुचलं ते हे, की पोरांना कर्ज मिळू देऊ नका. बापाची सत्ता थोडी सैल करावी, हे कुणाच्या मनातही आलं नसावं.

निसर्ग मात्र सिनेटपेक्षा उदार होता. लोकसंख्येचे अभ्यासक रोमन काळातलं जन्मावेळचं सरासरी आयुर्मान विशी-तिशीच्या दरम्यान धरतात, आणि पुरुषांची लग्नं बहुधा पंचविशीच्या पुढेमागे व्हायची. म्हणजे बोहल्यावर चढेपर्यंत पुष्कळांच्या डोक्यावरचं छत्र गेलेलं असे. कायदा जितका कडक दिसतो तितका तो रोजच्या जगण्यात जाचला नसेल. पण कुणाच्या तरी हाताखाली असणं ही पुरुषाची स्वाभाविक अवस्था आहे, हे त्या कायद्याने मनात रुजवलं होतं, आणि बाप गेल्यावरही ते तसंच राहिलं.

२०२३ साली समाजमाध्यमांवर एक गंमत फिरत होती. घरातल्या पुरुषाला विचारायचं, तू रोमन साम्राज्याचा विचार किती वेळा करतोस? उत्तरं ऐकून बायका थक्क व्हायच्या, कारण बरेच जण आठवड्यातून अनेकदा करत होते. त्या विचारात स्वतः कुठे उभे असतात हे कुणी विचारलं नाही, पण अंदाज करता येतो: चिलखत, तलवार, नाहीतर संगमरवरी खांबांखाली हात उंचावून केलेलं भाषण. हल्ली सम्राट मार्कस ऑरेलियसची वचनं खिशात घेऊन व्यायामशाळेत जाणाऱ्यांचा एक पंथच झाला आहे. रोम म्हणजे पुरुषांचं राज्य आणि त्या राज्यात आपण राजे, असं हे चित्र. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यासाठी त्या काळातल्या एखाद्या साध्या नागरिकाची सकाळ पाहावी लागते.

ती उजाडण्याआधी सुरू व्हायची. उठून आधी टोगा चढवायचा. लोकरीचं अर्धवर्तुळाकार, सहा मीटरच्या आसपास लांबीचं वस्त्र. डाव्या खांद्यावरून सोडून, उजव्या काखेखालून घेऊन, पुन्हा डाव्या खांद्यावर. दुसऱ्याच्या मदतीशिवाय ते नीट बसत नसे. पिन नाही, पट्टा नाही, चुण्या डाव्या हाताने सांभाळायच्या, म्हणजे तो हात दिवसभर अडकलेला. उन्हाळ्यात घामाच्या धारा. नागरिकाखेरीज कुणालाही हे वस्त्र घालायची मुभा नव्हती. हद्दपार झालेल्याकडून तो हक्क काढून घेतला जाई. तरी लोक टाळत. सम्राट ऑगस्टसला नगराधिकाऱ्यांना हुकूम द्यावा लागला की टोग्याशिवाय कुणाला फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, फिरकू देऊ नका. राज्याभिमानाचा गणवेश अंगावर राहावा म्हणून पहारा बसवावा लागतो, यातच त्या गणवेशाबद्दल सगळं आलं.

टोगा सावरत, अंधारात, चिखल तुडवत हा नागरिक निघायचा तो आपल्या आश्रयदात्याच्या दारी. तिथे आधीच रांग. दारावर दरवान, त्याची मर्जी सांभाळायची. मग आत, मधल्या चौकात, बोलावणं येईपर्यंत उभं राहायचं. नंबर लागला की नमस्कार, दोन शब्द, आणि दिवसाचा शिधा: पूर्वी टोपलीतून अन्न, पुढे रोख शंभर क्वाड्रान्स, म्हणजे पंचवीस अस. पाँपेईच्या एका गुत्त्याच्या भिंतीवरच्या दरपत्रकाप्रमाणे एका असला साधी वाइन मिळायची, चार असला उंची फालेर्नियन. सार्वजनिक स्नानगृहाचा दर बहुधा एक क्वाड्रान्स. हिशेब घातला तर सकाळभराच्या हुजरेगिरीत शंभर आंघोळी किंवा सहा पेले चांगली वाइन. वाईट नाही. पण त्यासाठी धन्याच्या पालखीमागून फोरमपर्यंत चालायचं, त्याच्या भाषणाला टाळ्या वाजवायच्या आणि संध्याकाळी जेवायला बोलावतो का याची वाट बघायची, हे मोबदल्यात आलंच.

आपल्याकडे आमदारांच्या बंगल्यावरचा सकाळचा दरबार ज्याने पाहिला आहे त्याला हे फार परकं वाटणार नाही. पण एक फरक मोठा आहे, आणि तो रोमच्या इतिहासातच घडला. गणराज्याच्या काळात आश्रिताकडे देण्यासारखं काहीतरी होतं: मत. किकेरो इ.स.पू. ६४मध्ये कॉन्सलपदासाठी उभा होता तेव्हा त्याचा भाऊ क्विंटसच्या नावावर असलेल्या एका पुस्तिकेत उमेदवाराला सल्ला दिला आहे. सकाळी भेटायला येणारे हल्ली अनेक दारी जातात. तरी त्यांच्या येण्याने आपण किती सुखावलो ते दाखवत राहा. कुणी दगा देणार अशी कुणकुण लागली तरी काही कळलंच नाही असं वाग. इथे लोचटपणा मोठ्या माणसाचा आहे. मग इ.स. १४ मध्ये, टिबेरियस गादीवर येताच, निवडणुका मैदानातून उचलून सिनेटच्या सभागृहात नेल्या गेल्या. लोकांनी थोडी कुरकुर केली आणि विषय संपला, असं टॅसिटस सांगतो. सामान्य नागरिकाचं मत गेलं. सकाळचा नमस्कार मात्र राहिला. ज्या देवघेवीवर ही प्रथा उभी होती तिच्यातली एक बाजू काढून घेतली आणि उरलं ते निव्वळ हजर राहणं.

कवी मार्शल या उरलेल्या काळातला. स्पेनमधल्या बिल्बिलिस गावाहून इ.स. ६४च्या सुमारास रोमला आला, तीन उंच जिने चढून जावं लागेल अशा खोलीत राहिला, आणि जवळपास पस्तीस वर्षं या सकाळींवर कुरकुरत विनोदी कविता लिहीत राहिला. त्याची एक तक्रार नेमकी आहे. मी तुला नमस्कार करायला येतो तर तू दुसऱ्या कुणाला नमस्कार करायला गेलेला असतोस. मी तुझ्या जेवणाच्या मागे, तू दुसऱ्याच्या. मग धनी कसला, तूही माझ्यासारखाच. ही साखळी वर कुठपर्यंत जायची? थोरला प्लिनी, आरमाराचा प्रमुख, पहाटेच्या अंधारात सम्राट व्हेस्पासियनकडे जाई. व्हेस्पासियनही उठून बसलेला असे. आधी पत्रं वाचायची, मग मित्रांना आत घ्यायचं, आणि ते नमस्कार करत असताना हा स्वतःच्या हाताने जोडे चढवत असे. सम्राटाचीही सकाळ स्वतःची नव्हती. मार्कस ऑरेलियसच्या टिपणांत पहाटे अंथरुणातून उठण्यासाठी स्वतःचीच समजूत घालणारा एक उतारा आहे. व्यायामशाळेतल्या भक्तांनी तो तिथून वाचून बघावा.

बड्या घरात माणसांची प्रतवारी ठरलेली असे: काहींना एकांतात भेट, काहींना चौघांत, बाकीच्यांना घाऊक. तत्त्वज्ञ सेनेका म्हणतो की ही पद्धत गायस ग्राकस आणि लिव्हियस ड्रुसस या दोघांनी पाडली. ग्राकस म्हणजे गरिबांना स्वस्त धान्य देणारा लोकनेता! समोरच्या माणसाचं नाव धन्याच्या कानात कुजबुजायला एक गुलाम पाळलेला असे. तरीही रात्रीची उतरली नसली तर धनी जांभई देत ते नाव पुटपुटायचा, किंवा मागच्या दाराने सटकायचा. दोन-तीन तास उभ्या असलेल्या माणसाला दरवान मग सांगणार, साहेब गेले.

तास म्हटलं खरं, पण रोमन तास ताणला-आटला जायचा. दिवस उन्हाळ्याचा असो की हिवाळ्याचा, उजेडाचे बारा भाग करायचे. त्यामुळे रोममध्ये जूनचा तास आजच्या पंचाहत्तर मिनिटांचा आणि डिसेंबरचा पंचेचाळीसचा. इ.स.पू. २६३मध्ये सिसिलीतल्या कताना शहरातून लुटून आणलेलं सूर्यघड्याळ फोरमवर बसवलं गेलं. ते कतानाच्या अक्षांशासाठी कोरलेलं, म्हणजे रोममध्ये चुकीचं. रोमनांनी त्याच्याबरहुकूम नव्याण्णव वर्षं कामं केली. मला हे फार रोमन वाटतं. वेळ बरोबर असण्यापेक्षा सगळ्यांनी एकच वेळ पाळणं महत्त्वाचं.

हे झालं रिकामा वेळ असणाऱ्यांचं. बाकीचे पुरुष कामावर असत, आणि काम करण्याबद्दल वरच्या वर्गाचं मत किकेरोने ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथात आपल्या मुलासाठी लिहून ठेवलं आहे. मजुरी घेणं म्हणजे गुलामी पत्करणं, कारागिरी हलकी, मासेविक्रेते, खाटीक, आचारी, कोंबड्या पोसणारे सगळे हलके, व्यापार मोठा असेल तर चालेल, सगळ्यांत सभ्य काम म्हणजे शेती. शेती म्हणजे अर्थातच दुसऱ्यांकडून करून घेतलेली. लिहिणारा स्वतः भाषणं करून मोठा झालेला, पण वकिलाने फी घ्यायला कायद्याने बंदी असल्यामुळे त्याची कमाई भेटी आणि मृत्युपत्रांतल्या रकमांतून यायची. ती मजुरी धरली जात नव्हती.

किकेरोला उत्तर द्यायचं असेल तर रोमच्या पोर्ता माजोरे या वेशीबाहेर उभं राहावं. तिथे मार्कस वेर्जिलियस युरिसाकेस नावाच्या बेकरीवाल्याची समाधी आहे, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातली. नाव ग्रीक वळणाचं, म्हणजे बहुधा मुक्त झालेला गुलाम. पुढे वेशीच्या बुरुजाच्या पोटात ती गडप झाली आणि १८३८मध्ये बुरुज पाडल्यावर पुन्हा उजेडात आली. भिंतींवर मोठी गोल छिद्रं. कणीक मळायच्या यंत्राचीच तोंडं दगडात आणली असावीत, असं पुष्कळांना वाटतं. वर पट्टीभर शिल्पं: धान्य घेणं, दळणं, गाढवं जात्याला जुंपणं, मळणं, लांब दांड्याच्या फावडीने भट्टीत पाव सारणं, मोठ्या तराजूत टोपल्या तोलणं. आणि लेख ठासून सांगतो: बेकरीवाला, कंत्राटदार. त्याची बायको अतिस्तिया हिच्या लेखात म्हटलं आहे की तिच्या अस्थी या पावाच्या टोपलीत आहेत. ज्या धंद्याला किकेरो नाक मुरडतो तो धंदा या माणसाने शहराच्या हमरस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत भरेल असा मांडून ठेवला आहे.

इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. थोडं थांबून त्या पट्टीकडे पुन्हा पाहिलं की दिसतं, टोगा घातलेले पुरुष बघताहेत आणि आखूड अंगरख्यातले राबताहेत. त्यांची नावं नाहीत. बेकरीतल्या गुलामांचं चित्र आपुलेयसने आपल्या गाढवाच्या कादंबरीत रंगवलं आहे: कपाळावर डाग दिलेले, अर्धं डोकं भादरलेलं, पायांत कड्या, पाठीवर वळ, अंगभर पिठाची पूड. कादंबरी असली तरी लेखकाने असली जागा पाहिली असावी, इतकं ते नेमकं आहे. कदाचित युरिसाकेसही तिथूनच वर आला होता. वर येणं म्हणजे कुणालातरी खाली ठेवायची ऐपत येणं, हा त्या शहराचा हिशेब त्यानेही मोडला नाही. पुरुषसत्ता म्हणून ज्याकडे आपण बोट दाखवतो ती रोममध्ये मूठभर पुरुषांची इतर पुरुषांवर, आणि सगळ्यांच्या बायकामुलींवर, अशी चढती उतरंड होती. गुलाम पुरुषाला तर कायद्याने बाप नव्हता, बायको नव्हती, मुलं नव्हती. जो बाप होऊ शकत नाही तो या हिशेबात पुरुषच नाही. सैनिकाचं थोडं वेगळं. त्याची कमाई ऑगस्टसने बापाच्या सत्तेबाहेर काढली, वर्षाला दोनशे पंचवीस डिनारी. त्या बदल्यात वीस वर्षांची नोकरी आणि तेवढी वर्षं कायदेशीर लग्नाला बंदी. ब्रिटनच्या सीमेवरच्या विंडोलांडा छावणीत सापडलेल्या एका लाकडी पत्रात पाठवलेल्या मोज्यांचा आणि चड्ड्यांचा उल्लेख आहे. जग जिंकणाऱ्याला पायमोजे कुणीतरी पाठवावे लागत.

दुपारनंतर स्नानगृह. तिथे सगळे सारखे, असं आवर्जून सांगितलं जातं. कपडे उतरल्यावर टोगा आणि अंगरखा यांतला फरक उरत नाही हे खरंच. सेनेका काही काळ एका स्नानगृहाच्या वरच्या जागेत राहत होता. वजनं उचलणाऱ्यांचे हुंकार, मालिशवाल्याच्या पंजाचा फटफटाट, पाण्यात धपकन उडी, काखेतले केस उपटणाऱ्याची आरोळी आणि त्याहून मोठी गिऱ्हाइकाची, वर सॉसेजवाल्याची हाळी: त्याच्या पत्रातून हे सगळं आजही ऐकू येतं. पण समानता? सम्राट हॅड्रियनची एक गोष्ट आहे, बेभरवशाच्या चरित्रसंग्रहातली, तरी सांगण्याजोगी. त्याने स्नानगृहात एका जुन्या सैनिकाला भिंतीवर पाठ घासताना पाहिलं. कारण विचारलं तर म्हणे, पाठ चोळायला गुलाम नाही. हॅड्रियनने त्याला गुलाम दिले, त्यांच्या पोषणाचा खर्चही दिला. दुसऱ्या दिवशी भिंतीला पाठ घासणाऱ्या म्हाताऱ्यांची रांग. सम्राट म्हणाला, आता एकमेकांची चोळा.

संध्याकाळी, बोलावणं असेल तर, जेवण. धाकट्या प्लिनीने एका यजमानाची खोड सांगितली आहे. त्याच्याकडे वाइनचे तीन प्रकारचे छोटे कुपे: एक स्वतःला आणि प्लिनीसारख्यांना, एक कमी प्रतीच्या मित्रांना, एक मुक्त गुलामांना. प्लिनी बढाई मारतो की माझ्याकडे सगळ्यांना एकच. मग फार महाग पडत असेल? छे, माझे मुक्त गुलाम माझी वाइन पीत नाहीत, मी त्यांची पितो. ही वाइन आपल्या बाजूलाही येत होती. पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक नाविकाच्या यादीत भडोच बंदरात खपणाऱ्या मालात पहिली पसंती इटलीच्या वाइनला आहे, आणि पैठणहून गोमेद, तेरहून कापड त्याच बंदरात उतरायचं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला काशाचा पोसायडन याच वाटेने आला असावा. यजमानाच्या हातातल्या अंगठीत पैठणचा खडा असणं अशक्य नव्हतं. पाहुण्याच्या हातात मात्र तिसऱ्या कुप्यातली वाइन.

मार्शलने अखेर हे सगळं सोडलं. इ.स. ९८च्या सुमारास तो बिल्बिलिसला परतला आणि तिथून युव्हेनल या कवीला खिजवणारी कविता पाठवली: तू टोग्याचा वारा घेत रोमच्या टेकड्या चढ, मी इथे तिसऱ्या तासापर्यंत झोपतो, गेल्या तीस वर्षांची भरपाई करतो, इथे टोगा ठाऊकच नाही, कपडा मागितला तर मोडक्या खुर्चीवरचं हाताला लागेल ते देतात. सुटका झालेल्या माणसाचा आनंद. पण त्याच बाराव्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो कबूल करतो की तीन वर्षं काही लिहून झालं नाही. त्या शहराचे जाणकार कान, ग्रंथालयं, नाटकगृहं, ज्या बैठकींना विटून पळालो त्याच आता हव्याशा वाटतात. परतीच्या प्रवासाचे पैसे धाकट्या प्लिनीने दिले होते, कारण मार्शलने त्याच्यावर एक कविता केली होती. आणि ज्या मळ्यात तो निवांत झोपायचा, तिथली झाडी, झरे, द्राक्षवेल, कबुतरखाना, हे सगळं मार्सेला नावाच्या एका बाईने दिलेलं होतं. तिच्यावरही त्याने स्तुतीची कविता केली.